पगाराविना शिपाई : क्रांतिसिंह नाना पाटील



सातारा-सांगली हा सैनिकांचा मुलूख. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाला लोक 'अपशिंगे मिलिटरी' असेच म्हणतात. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जवान कामी आले. आपल्याही धर्मग्रामात फौजेतल्या मुलाच्या सुट्टीची वाट पाहणारी घरे आहेत. फौजेत जाण्यामागे देशप्रेम असते, तसा पोटाचा प्रश्नही असतो आणि त्यात कमीपणा काहीच नाही. परंतु याच मुलखात एकदा अशी फौज उभी राहिली, की जिला ना पगार होता, ना पेन्शन. तिच्या मागे जो माणूस उभा होता, त्याची ओळख आज आम्ही करून देत आहोत.

नाना रामचंद्र पाटील यांचा जन्म ३ ऑगस्ट १९०० चा. येडे मच्छिंद्र हे त्यांचे गाव. ते तेव्हा सातारा जिल्ह्यात होते, आज सांगली जिल्ह्याच्या वाळवा तालुक्यात आहे. अंगाने धिप्पाड, आवाज खणखणीत आणि बोली अस्सल गावाकडची. सत्यशोधक विचारांचा संस्कार त्यांच्यावर झाला होता. सरकारी तलाठ्याची नोकरी होती. त्या काळी खेडेगावात तलाठी म्हणजे केवढा मान! १९३० च्या कायदेभंगात त्यांनी ती नोकरी सोडली. पुढची बारा वर्षे तुरुंगाच्या वाऱ्या आणि गावोगावच्या सभा यांतच गेली.

१९४२ साली 'चले जाव' चळवळ सुरू झाली. निःशस्त्र लोक कचेऱ्यांवर मोर्चे नेऊ लागले. ९ सप्टेंबरला वडूजला मोर्चावर गोळीबार झाला, दुसऱ्या दिवशी इस्लामपूरला झाला. माणसे मेली. निःशस्त्र मोर्चाचे उत्तर गोळीने मिळते हे पाहून कार्यकर्ते भूमिगत झाले. त्यातूनच १९४३ मध्ये प्रतिसरकार उभे राहिले. गोऱ्या सरकारचा अंमल झुगारून गावांनी आपला कारभार आपणच हाती घेतला. नाना पाटील हे त्याचे सर्वांना मान्य असे पुढारी होते.

या सरकारचे बळ म्हणजे तुफान सेना. तिची मुख्य धुरा कुंडलच्या जी. डी. बापू लाड यांच्याकडे होती. कुंडल हे औंध संस्थानातले गाव असल्याने इंग्रजी पोलिसांना तेथे मोकळे रान नव्हते. शेतकऱ्यांची तरुण पोरे कवायत शिकली, शिस्त शिकली. जेवण गावाने घालायचे, निरोप बायाबापड्यांनी पोचवायचे. नानांची कन्या हौसाबाई यांनीही या कामात जोखीम पत्करली. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ रेल्वेचा पगार नेणारी गाडी लुटली गेली. १४ एप्रिल १९४४ रोजी धुळ्याचा सुमारे साडेपाच लाखांचा सरकारी खजिना हाती आला. हा पैसा चळवळीसाठी होता.

तरीही आमच्या मते या सरकारचे खरे काम लुटीत नव्हते. न्यायदान मंडळे गावातले तंटे गावातच मिटवीत. सावकारी पाशाला आळा बसला, दारूबंदी झाली. लग्नापायी कर्जात बुडणाऱ्या कुटुंबांसाठी अगदी थोड्या खर्चात 'गांधी विवाह' लागू लागले.

येथे एक गोष्ट आम्ही झाकून ठेवणार नाही. खबऱ्यांना आणि गावगुंडांना तळपायांवर मार दिला जाई. त्यावरूनच 'पत्री सरकार' हे नाव लोकांच्या तोंडी बसले. गांधीजींच्या हाकेला ओ देऊन नोकरी सोडलेल्या माणसाच्या नावावर हे घडत होते. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्ही संत ऑगस्टीन यांचा एक विचार अभ्यासला होता. न्याय काढून घेतला तर राज्य आणि दरोडेखोरांची टोळी यांत फरक उरत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. ही कसोटी इंग्रज सरकारला लागू होते, तशी ती प्रतिसरकारलाही लागू होते. मार देणाऱ्या प्रत्येक हातून न्यायच झाला असे आम्ही म्हणू शकत नाही. पण ज्यांच्या हाती बंदूक होती, त्यांनी न्यायासनही मांडले, हे विसरून चालणार नाही.

नानांना स्वतःला काय मिळाले? घरदार, जमीन जप्त झाली. डोक्यावर बक्षीस लागले. वर्षानुवर्षे ते आज या गावी, उद्या त्या गावी असे फिरत राहिले. बक्षीस मोठे होते आणि लोक गरीब होते, तरी सरकारला ते सापडले नाहीत. १९४६ मध्ये ते उघडपणे लोकांपुढे आले.

स्वातंत्र्यानंतर ते आधी शेतकरी कामगार पक्षात आणि मग कम्युनिस्ट पक्षात गेले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ते पुढे होते. १९५७ मध्ये साताऱ्यातून आणि १९६७ मध्ये बीडमधून लोकसभेवर निवडून गेले. ६ डिसेंबर १९७६ रोजी मिरजेत त्यांचे निधन झाले. वाळव्यात त्यांना अखेरचा निरोप देण्यात आला.

त्यांचा पक्ष आपला असेलच असे नाही. त्यांचे सगळे मार्गही आपल्याला पटतील असे नाही. पण ज्यांनी त्यांना भाकर दिली आणि खबर दिली नाही, त्या घरांचा विचार आमच्या मनातून जात नाही. तुफान सेनेच्या यादीत त्यांची नावे नव्हती. तरी त्या दारांवाचून एकही सैनिक एक रात्र तगला नसता. आपल्या घरी अजून आजी-आजोबा असतील, तर या रविवारी त्यांच्याजवळ बसा. त्यांच्या आईवडिलांनी त्या दिवसांत कोणाला दार उघडले होते, ते विचारून घ्या.

आपले धर्मगुरू