पुढच्या गावची शाळा

विदर्भातल्या कोणत्याही तालुक्याला जा, श्री शिवाजी नावाची एखादी शाळा किंवा कॉलेज दिसतेच. त्या नावामागे उभे असलेले डॉ. पंजाबराव ऊर्फ भाऊसाहेब देशमुख आपल्याला माहीत असतात ते 27 डिसेंबरच्या जयंतीपुरते. फोटोला हार, दोन भाषणे, शिक्षणमहर्षी आणि देशाचे कृषिमंत्री ही दोन विशेषणे, की कार्यक्रम संपला.

या मेळाव्याच्या तयारीत एक विषय वारंवार निघाला. शाळेतल्या आठवी ते दहावीच्या मुलांना आपण काय सांगायचे? ध्येय ठेवा, जिद्द सोडू नका, हे तर आपल्यालाही सांगितले गेले होते आणि आपण टाळ्याही वाजवल्या होत्या. म्हणून भाऊसाहेबांचे मोठेपण बाजूला ठेवून ते हायस्कुलात असतानाचे दिवस पाहावेत, असे वाटले.

त्यांचा जन्म 27 डिसेंबर 1898 चा. अमरावती जिल्ह्यातले पापळ हे त्यांचे गाव. वडील शामराव शेतकरी, आई राधाबाई. गावात शाळा होती, पण खालच्या वर्गांपुरती. पुढे शिकायचे तर गाव सोडायचे. मुलगा चांदूर रेल्वेला गेला, तिथून कारंजा लाडला आणि हायस्कूलसाठी अमरावतीला. प्रत्येक टप्प्याला नवे गाव, नवे बिऱ्हाड आणि घरच्यांवर नवा खर्च. आपण बॅरिस्टर होणार की मंत्री, हे त्या वयात त्यांना दिसत असेल असे मला वाटत नाही. दिसत होता तो पुढचा वर्ग, आणि तो दुसऱ्या गावात होता.

अमरावतीनंतर पुण्याचे फर्ग्युसन कॉलेज. तिथली पदवी पूर्ण होण्याआधीच 1920 साली ते इंग्लंडला गेले. कोरडवाहू वऱ्हाडातल्या शेतकऱ्याने मुलाला विलायतेला पाठवायचे म्हणजे कर्ज काढायचे. शामरावांनी ते काढले. त्या पैशावर सगळे शिक्षण निभणार नव्हतेच. पंजाबरावांनी एडिंबरोला संस्कृतसाठीची व्हान्स डनलॉप शिष्यवृत्ती मिळवली आणि तिथून एम.ए. केले. मग ऑक्सफर्डला वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम आणि विकास या विषयावर प्रबंध लिहून ते डॉक्टरेट झाले. सोबत बॅरिस्टरीही पूर्ण केली. संस्कृत आणि वेद हा आपला प्रांत नव्हे असे ज्या समाजाला पिढ्यान् पिढ्या सांगितले गेले, त्या समाजातल्या मुलाने हा विषय निवडला होता.

1926 साली ते परतले आणि अमरावतीत वकिली सुरू केली. कर्ज फेडून सुखाने राहता आले असते. पण थोड्याच काळात त्यांनी अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय उघडले. खेड्यातून येणाऱ्या सगळ्या जातींच्या मुलांसाठी एक छत आणि एक पंगत. पापळच्या मुलाला जे प्रत्येक गावी नव्याने शोधावे लागले होते, तेच त्यांनी आधी उभे केले. त्याच सुमारास अंबादेवी मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून झालेल्या सत्याग्रहातही ते पुढे होते. 1928 मध्ये जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाल्यावर त्यांनी सार्वजनिक विहिरी सर्वांना खुल्या केल्या, प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि त्यासाठी कर वाढवण्याची नाराजीही पत्करली.

1930 साली ते मध्यप्रांत-वऱ्हाडच्या सरकारात मंत्री झाले. आपला बुलढाणा जिल्हा त्याच प्रांतात होता. 1933 मध्ये मंत्रिपद सोडले, पण तोवर श्री शिवाजी शिक्षण संस्थेचे काम सुरू झाले होते. संस्थेने शाळा काढल्या त्या खेड्यापाड्यांत, म्हणजे जिथे मुलांची पुढची पायरी तुटत होती नेमक्या तिथे. नंतरचे आपल्याला ठाऊक आहे: संविधान सभेचे सदस्यत्व, 1952 ते 1962 केंद्रातले कृषिखाते, भारत कृषक समाज, 1959 च्या डिसेंबरात दिल्लीत भरलेले जागतिक कृषी प्रदर्शन. 10 एप्रिल 1965 रोजी त्यांचे निधन झाले. अकोल्याचे कृषी विद्यापीठ आज त्यांच्या नावाने आहे.

या चरित्रात मला दोन गोष्टी दिसतात. मुलाची जिद्द आहेच, पण प्रत्येक टप्प्याला ती जिद्द टिकवणारे काहीतरी हाताशी होते: बापाने काढलेले कर्ज, शिष्यवृत्ती, राहायला जागा. आणि ज्याला हे मिळाले त्याने पुढे भाषणांआधी वसतिगृह काढले.

आपल्या वर्गातल्या मुली आठवून पाहा. गणितात आपल्यापेक्षा हुशार असलेल्या काहींचे शिक्षण दहावी-बारावीलाच थांबले. त्यांना ध्येय नव्हते असे नाही. बुलढाण्यात किंवा औरंगाबादला राहायचे कुठे, खर्च किती, फॉर्म कोण भरणार, याचे उत्तर घरी कोणाजवळ नव्हते. आजही धाडच्या आजूबाजूच्या गावांतून एस.टी.ने शाळेत येणाऱ्या मुलामुलींपुढे हेच प्रश्न आहेत. फरक एवढाच, की उत्तरे आता आपल्यापैकी कोणा ना कोणाला माहीत आहेत.

म्हणून माझी सूचना साधी आहे. आपल्यापैकी प्रत्येकाने नववी-दहावीचा एक विद्यार्थी किंवा विद्यार्थिनी आपली मानावी. महिन्यातून एकदा फोन करावा. आयुष्यात काय व्हायचे आहे, हे विचारू नये; चौदा वर्षांच्या मुलाला ते सांगता येत नाही आणि मग ते डॉक्टर किंवा कलेक्टर असे काहीतरी ठोकून देते. या महिन्यात कोणता धडा अडला, पुढच्या चाचणीपर्यंत काय पुरे करणार, हे विचारावे आणि पुढच्या फोनला आठवणीने त्याचेच काय झाले ते विचारावे. आमच्या क्षेत्रातही वर्षाचे काम दोन-दोन आठवड्यांच्या तुकड्यांत पाडतात, तेव्हाच ते पुरे होते. दहावीनंतर कॉलेज, वसतिगृह, शिष्यवृत्ती यांची माहिती आपण काढून द्यावी. व्यावसायिक अभ्यासक्रमाला जाणाऱ्या अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी सरकारची वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. तिला नाव डॉ. पंजाबराव देशमुखांचेच आहे, पण घराघरात ती कोणीतरी समजावून सांगावी लागते.

आपल्या गुरुजनांनी वर्गात आपल्यासाठी हे केलेच. मेळाव्याच्या दिवशी दहावीच्या वर्गशिक्षकांकडून मुलांची यादी घ्यावी आणि घरी जाण्याआधी प्रत्येकाने त्यातल्या एका नावापुढे आपला फोन नंबर लिहावा.

(दहावी, मार्च 1996, सध्या सॉफ्टवेअर अभियंता, पुणे)