धन्यवादित निकोलस स्टेनो



स्टेनो यांचा जन्म १६३८ साली कोपनहेगन येथे एका ल्युथरन सोनाराच्या घरी झाला. ते शरीरशास्त्रज्ञ झाले. १६६५ साली पॅरिसमध्ये विद्वानांपुढे मेंदूवर व्याख्यान देताना त्यांनी सुरुवातीलाच आपले अज्ञान कबूल केले. मेंदूत पांढरा आणि करडा असे दोन पदार्थ दिसतात आणि भागांना नावे तर भरपूर आहेत. पण सुरी जशी फिरेल तसे भाग बदलतात, मग त्या नावांना अर्थ काय? आधी पांढरे तंतू कुठून कुठे जातात ते शोधा, असा त्यांचा आग्रह होता. आत्मा मेंदूतील एक इवलीशी ग्रंथी हलवून शरीर चालवतो, असे देकार्त यांचे मत होते. (सेमिनरीत आम्हीही ते घोकले!) स्टेनो यांना देकार्तविषयी आदर होता, तरीही ती ग्रंथी जागच्या जागी घट्ट बसलेली आहे, हे त्यांनी दाखवले.

१६६७ साली फ्लोरेन्समध्ये ते कॅथलिक झाले, १६७५ साली धर्मगुरू आणि १६७७ साली बिशप. गरिबांसाठी त्यांनी बिशपपदाची अंगठीही विकली. १६८६ साली जर्मनीतील श्वेरिन येथे ते दारिद्र्यात वारले. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८८ साली त्यांना धन्यवादित घोषित केले.