माडगूळकरांच्या विनोदी पटकथेतील सोंग : एक चरित्रात्मक टिपण

गजानन दिगंबर माडगूळकर यांचा विचार मराठी समीक्षेने प्रामुख्याने कवी व गीतकार म्हणून केला आहे. विनोदी पटकथाकार माडगूळकर त्या मानाने उपेक्षित राहिले. त्यांच्या चरित्राच्या आधारे या पैलूकडे पाहणे अगत्याचे वाटते.

त्यांचा जन्म १ ऑक्टोबर १९१९ रोजी शेटफळे येथे झाला. शेटफळे व माडगूळे ही गावे तेव्हा औंध संस्थानात होती. विलीनीकरणानंतर १९४९ साली ती दक्षिण सातारा जिल्ह्यात आली. १९६० साली या जिल्ह्यास सांगली हे नाव मिळाले. वडील संस्थानच्या नोकरीत असूनही घरी दारिद्र्य होते. मॅट्रिक न होताच माडगूळकर कोल्हापुरास चित्रपटसृष्टीत आले आणि १९३८ च्या ‘ब्रह्मचारी’त त्यांनी किरकोळ भूमिका केली. ब्रह्मचर्याच्या व्रताचा फज्जा उडवणारा हा चित्रपट त्यांनी असा आतून पाहिला.

नोकरीसाठी पतिपत्नीचे सोंग घ्यावे लागणे, ही कल्पना पन्नाशीच्या दशकात ‘मिस्सम्मा’ (१९५५) व ‘मिस मेरी’ (१९५७) यांतून लोकप्रिय झाली. माडगूळकरांनी तत्पूर्वीच, राजा परांजपे दिग्दर्शित ‘लाखाची गोष्ट’मध्ये (१९५२), वेगळी मांडणी केली होती. तेथे सोंग लग्नाचे नसून लग्नासाठी आहे. श्रीमंताच्या मुलीशी विवाह करू इच्छिणाऱ्या निर्धन कलावंतास महिन्याभरात लाख रुपये खर्चून दाखवावे लागतात. पात्रता सिद्ध करावयाची ती गुणांनी नव्हे, उधळपट्टीने, हा त्यातील उपरोध होय. सातारा जिल्ह्यातील सिद्धेश्वर कुरोलीचे राजा गोसावी या चित्रपटाचे नायक. पुण्यात तो चालू असताना भानुविलास चित्रगृहात तिकिटे विकत होते तेही तेच. पडद्यावरील श्रीमंती आणि पडद्याबाहेरची वास्तवता यांतील हे अंतर माडगूळकरांच्या विनोदाचे मूळ स्पष्ट करते.

सोंगाचे दुसरे टोक म्हणजे विश्वास. आटपाडीजवळील स्वतंत्रपूरच्या खुल्या तुरुंगावरून सुचलेली ‘दो आँखें बारह हाथ’ची (१९५७) कथा माडगूळकरांचीच. तेथे सत्ताधारी माणूस परीक्षा घेत नाही, विश्वास टाकतो.

१४ डिसेंबर १९७७ रोजी त्यांचे निधन झाले. ‘गीतरामायणा’च्या छायेत झाकोळलेल्या या पटकथा केवळ करमणूक म्हणून बाजूस सारल्यास, धनसत्तेपुढे उभ्या असलेल्या निर्धन माणसाविषयीचे त्यांचे चिंतनच अभ्यासातून निसटते.