शियाळीचे रंगनाथन : ग्रंथपालांतला गणिती

ग्रंथपाल म्हटला की पुस्तकावर तारखेचा शिक्का मारणारा, नाकावर चष्मा उतरलेला एक अबोल गृहस्थ आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन यांनाही मद्रास विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसल्यावर आपले भवितव्य असेच दिसले असावे. जानेवारी १९२४ मध्ये ते त्या विद्यापीठाचे पहिले ग्रंथपाल म्हणून रुजू झाले, आणि थोड्याच दिवसांत, मला पुन्हा गणित शिकवायला पाठवा, अशी विनवणी करू लागले. कपाटांची सोबत आणि माणसांचा दुष्काळ त्यांना सोसेना. विद्यापीठाने तोड काढली : आधी विलायतेस जाऊन हे शास्त्र शिकून यावे, आणि त्यानंतरही मन रमले नाही तर खुशाल कॉलेजात परतावे. ते परतले नाहीत. पुढील अठ्ठेचाळीस वर्षे या माणसाने दुसरा विचार केला नाही.

रंगनाथन यांचा जन्म ऑगस्ट १८९२ मध्ये तंजावर जिल्ह्यातील शियाळी गावी झाला. तंजावर म्हटल्यावर मराठी माणसाचा कान टवकारतोच. शियाळीचा मुलूख भोसल्यांच्या राज्यातला, आणि सरफोजीराजांनी वाढविलेला सरस्वती महाल ग्रंथसंग्रह, त्यातील मोडी कागदांसह, तेथून फार दूर नाही. त्या संग्रहाचा या मुलावर काही संस्कार झाला असे म्हणण्यास मात्र आधार नाही. योगायोगाने सुखवावे, इतकेच. वडील लहानपणीच वारले. मुलगा बोलताना अडखळत असे. मद्रासच्या ख्रिश्चन कॉलेजात एडवर्ड रॉस या प्राध्यापकांनी त्याला गणिताची गोडी लावली, आणि एम. ए. झाल्यावर मंगळूर, कोइमतूर व अखेर मद्रासचे प्रेसिडेन्सी कॉलेज अशी अध्यापनाची वाटचाल झाली. ग्रंथपालाच्या जागेला पगार बरा होता, म्हणून अर्ज केला. सुमारे ९०० अर्ज आले होते. मुलाखतीपूर्वी ब्रिटानिका विश्वकोशातील ग्रंथालयावरचा लेख वाचला, एवढीच या विषयातील रंगनाथनांची तयारी होती.

येथे बडोदेकरांनी थोडी मान ताठ करावयास हरकत नाही. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास १९१० मध्येच बडोद्यास आणले होते, आणि १९११ मध्ये येथे ग्रंथपालांसाठी शिक्षणाचा वर्ग भरला. मद्रासेत तसा वर्ग सुरू व्हायला १९२९ साल उजाडले. परंतु बडोद्याने गावोगाव पुस्तक पोचविले. पुस्तकाच्या आतील विषयाचे पृथक्करण कसे करावे हा प्रश्न मद्रासच्या या गणित्याने हाती घेतला.

लंडनमध्ये बर्विक सेयर्स हे त्यांचे गुरू. त्या वेळी जिकडेतिकडे मेल्विल ड्यूई यांची १८७६ ची दशांश पद्धती चालत असे. तीत सर्व ज्ञानाचे आधीच खण पाडलेले. पुस्तक आले की योग्य त्या खणात टाकावयाचे. नवा विषय निघाला, किंवा दोन विषयांचा संकर झाला, तर मात्र खण सापडत नाही. रंगनाथन या कोड्यात असताना सेल्फ्रिजच्या दुकानात त्यांनी मेकॅनो नावाचे खेळणे पाहिले. पट्ट्या, चाके, स्क्रू तेच. पण जोडणी बदलली की कधी पाळणा, कधी पूल, कधी गाडी. त्यांना वाटले, विषयाचेही असेच नसेल काय? तयार खण ठेवण्याऐवजी सुटे भाग ठेवावे आणि विषय समोर आला म्हणजे ते जोडावे. जोडण्यासाठी स्क्रूच्या जागी त्यांनी अपूर्णविरामाची दोन टिंबे घेतली. म्हणून पद्धतीचे नाव कोलन. १९२५ मध्ये परतताना बोटीवरच्या ग्रंथसंग्रहाचीही त्यांनी या रीतीने फेरमांडणी करून पाहिली. ग्रंथ छापून निघाला तो १९३३ मध्ये.

आता हे सारे ग्रंथपालांच्या घरचे भांडण वाटेल. तसे ते नाही, आणि सर्वांत जास्त ते इंजिनियराच्या कामाचे आहे. कवीला किंवा इतिहासकाराला पुस्तक पुरते. यंत्रज्ञाला लेख लागतो. नवा लेप, नवा मिश्रधातू, नवी जोडरीत यांची बातमी पुस्तकात येईपर्यंत शिळी होते; ती प्रथम नियतकालिकात येते. पण कोणत्या नियतकालिकात? लंडनच्या सायन्स म्युझियम ग्रंथालयाचे सॅम्युएल ब्रॅडफर्ड यांनी १९३४ मध्ये एका इंजिनियरिंग साप्ताहिकातच याचा हिशेब मांडला. उपयोजित भूभौतिकी या एका विषयावरचे १३३२ लेख त्यांनी मोजले. त्यांपैकी ४२९ अवघ्या ९ नियतकालिकांत सापडले. पुढच्या ४९९ लेखांसाठी ५९ नियतकालिके धुंडाळावी लागली. आणि उरलेले ४०४ तब्बल २५८ नियतकालिकांत विखुरले होते. म्हणजे आपल्या विषयाची नऊ मासिके नेमाने वाचणारा कर्तबगार इंजिनियरही दोन तृतीयांश लेखांना मुकतो, आणि मुकला हे त्याला कळतही नाही. १८८४ पासून अमेरिकेत निघणारा इंजिनियरिंग इंडेक्स याच दुखण्यावरचा उपाय. परंतु सूची जाड झाली की सूचीतही हरवायला होते.

रंगनाथनांचे उत्तर असे, की आधी प्रश्न फोडा. समजा, कोकणपट्टीच्या खाऱ्या हवेत पोलादी पुलाला गंज चढू नये म्हणून अलीकडे काय केले जाते, हे हवे आहे. यातील मुख्य वस्तू पूल, द्रव्य पोलाद, त्यावर घडणारी क्रिया गंजरोधन, देश समुद्रकिनारा, काल गेली दहा वर्षे. व्यक्तित्व, द्रव्य, ऊर्जा, देश आणि काल अशी ही पाच अंगे त्यांनी पुढे निश्चित केली. द्रव्य-गुण-कर्म अशी गणती करणाऱ्या वैशेषिकांची कोणाला आठवण झाली तर नवल नाही. प्रश्न असा फुटला म्हणजे प्रत्येक अंगाचे समानार्थी शब्द जमवता येतात : कोणी गंज म्हणेल, कोणी क्षरण. फार थोडे लेख हाती लागले तर एक अंग गाळावे, बहुधा देश. फार आले तर एक वाढवावे. आज संगणकावरील लेखसंग्रहात शोधणारा विद्यार्थी हेच करतो, आणि पडद्याच्या कडेला वर्ष, विषय, लेखप्रकार अशा ज्या चाळण्या दिसतात, त्यांच्यामागेही हाच पृथक्करणाचा विचार आहे.

मद्रासेत त्यांनी वीस वर्षे काम केले, आणि त्या काळात रजा घेतली नाही असे सांगतात. कपाटे वाचकांना खुली केली. १९३१ मध्ये त्यांची पंचसूत्री प्रसिद्ध झाली. पुस्तक वापरासाठी आहे आणि वाचकाचा वेळ वाचला पाहिजे, हा तिचा गाभा. गणित्याला शोभेल अशी ती गृहीतकांसारखी थोडक्यात मांडलेली आहे. १९४५ मध्ये निवृत्ती घेतली ती विसाव्यासाठी असे घरच्यांना वाटले असेल. तोच राधाकृष्णन यांनी बनारसला बोलाविले, आणि तेथे सुमारे एक लाख ग्रंथांचे वर्गीकरण या वृद्धप्राय माणसाने बहुतांशी एकहाती उरकले. १९४७ मध्ये दिल्ली. लेखांचा शोध हा स्वतंत्र व्यवसाय आहे, त्याला प्रलेखन म्हणावे, आणि सरकारने त्यासाठी केंद्र काढावे, असा त्यांचा धोशा चालूच होता. १९५२ मध्ये युनेस्कोच्या साहाय्याने दिल्लीत इन्सडॉक हे राष्ट्रीय विज्ञान प्रलेखन केंद्र निघाले. हव्या त्या लेखाची प्रत मिळवून देणे, परभाषेतील लेखाचे भाषांतर करून देणे ही त्याची कामे. १९६५ पासून भारतीय विज्ञानाचे लेखसारही तेथून निघू लागले. २००२ मध्ये ही संस्था दुसरीत विलीन झाली.

सत्तरीला टेकल्यावर, १९६२ मध्ये, त्यांनी बंगळूरला भारतीय सांख्यिकी संस्थेच्या आश्रयाने प्रलेखनाचे संशोधन व शिक्षण केंद्र काढले. पुस्तकापेक्षा लेख, आणि लेखापेक्षाही त्यातील एक सूक्ष्म विचार कसा पकडावा, हा तेथील अभ्यास. अनवाणी चालणारा, खादी नेसणारा हा गृहस्थ पैशाच्या बाबतीत स्वतःसाठी कवडीचुंबक, आणि विद्यापीठाला मात्र पत्नी शारदाबाईंच्या नावे अध्यासनासाठी एक लाख रुपये काढून देणारा.

त्यांच्या हट्टीपणाची झळ मात्र त्यांच्याच अनुयायांना लागली. नवे तत्त्व सुचले की आवृत्ती बदलावयाची, आणि आवृत्ती बदलली की हजारो पुस्तकांच्या पाठीवरील क्रमांक खोडावयाचे. गरीब ग्रंथालयाला हे परवडेना. बहुतेकांनी ड्यूईंचाच रस्ता धरला. ड्यूईंचे खण अपुरे असतील, पण ते जागचे हलत नाहीत, हे कारकुनाच्या दृष्टीने केवढे तरी सुख! गणित्याला सिद्धान्त सुधारल्याचा आनंद होतो. डिंकाची बाटली घेऊन बसलेल्याला तो होत नाही. इकडे कोलन मागे पडत असता तिकडे इंग्लंडात तिच्यातील तत्त्व कारखान्यांत शिरले. इंग्लिश इलेक्ट्रिक या कंपनीच्या ग्रंथालयाने इंजिनियरिंगसाठी अंगवार वर्गीकरण तयार केले, आणि जीन एचिसन यांनी १९६९ मध्ये त्यालाच समानार्थी शब्दांचा कोश जोडून थिसॉरोफॅसेट सिद्ध केला. संगणकावरच्या तांत्रिक सूचींना असे शब्दकोश हवेच होते.

रंगनाथन २७ सप्टेंबर १९७२ रोजी बंगळूरला वारले. कोलन पद्धतीची सातवी आवृत्ती तेव्हा हातावेगळी झालेली नव्हती. ती त्यांच्या शिष्याने पुरी करून १९८७ मध्ये काढली. १२ ऑगस्ट हा दिवस देशातील ग्रंथपाल त्यांच्या नावाने पाळतात, ड्यूईंच्या क्रमांकांनी लावलेल्या कपाटांसमोर त्यांच्या तसबिरीला हार घालून.