नायक यशवंत घाडगे, व्ही. सी.

१९४२ साल म्हटले की वडूजच्या माणसाला ९ सप्टेंबरचा मोर्चा आठवतो. कचेरीवर तिरंगा लावण्यास निघालेल्या परशुराम घार्गे व त्यांच्या सहकाऱ्यांवर गोळीबार झाला आणि नऊ जण हुतात्मा झाले. त्याच वर्षांत याच सातारा जिल्ह्यातील कितीतरी तरुण इंग्रज सरकारच्या फौजेत होते. हुतात्म्यांचे स्मारक झाले, ते योग्यच झाले. परदेशी मातीत पडलेल्या शिपायांविषयी मात्र आपण संकोचाने बोलतो. त्या शिपायांपैकी एकाचे चरित्र आम्ही येथे देत आहोत. नायक यशवंत घाडगे आपल्या जिल्ह्याचे नव्हते, सह्याद्रीपलीकडचे होते. पण मराठा पलटणीचे होते, आणि त्या पलटणीशी सातारच्या गावांचे नाते जुने आहे.

यशवंतरावांचा जन्म १६ नोव्हेंबर १९२१ रोजी त्या वेळच्या कुलाबा, आजच्या रायगड जिल्ह्यातील पळसगाव येथे झाला. तालुका माणगाव. माणगाव म्हटले की आपल्या समाजाला १९२० ची परिषद आठवते, पण ते माणगाव कोल्हापूरकडचे. हे माणगाव महाडच्या शेजारचे. चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला तेव्हा यशवंतराव पाच वर्षांचे होते.

दुसऱ्या महायुद्धात ते पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये नायक होते. १९४४ च्या उन्हाळ्यात दोस्तांच्या फौजा इटलीत जर्मनांना उत्तरेकडे रेटत होत्या. १० जुलै रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या कंपनीने शत्रूच्या भक्कम मोर्चावर चढाई केली. यशवंतरावांच्या हाताखालच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. तुकडीतील सर्व जवान ठार किंवा जखमी झाले. उभे राहिले ते एकटे यशवंतराव. सोबत येण्यास कोणी उरले नाही हे ठाऊक असूनही ते त्या मशीनगनवर धावून गेले. हातबॉम्ब टाकून त्यांनी गन व ती चालविणारा दोन्ही निकामी केले, टॉमीगनने आणखी एकाला टिपले. मॅगझिन बदलण्यास वेळ नव्हता. तेव्हा बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना त्यांनी दस्त्याच्या घावांनी संपविले. दडून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांच्या छातीत व पाठीत लागल्या आणि जिंकलेल्या त्याच मोर्चात त्यांनी प्राण सोडला. वय अवघे बावीस.

त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. १९४५ मध्ये दिल्लीत व्हाइसरॉय लॉर्ड वेव्हेल यांच्या हातून तो त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी स्वीकारला. शौर्याच्या कथा सांगताना या बाईंचे नाव एका ओळीत आटोपते, हे आम्हांला खटकते. पदक छातीवर मिरविणारा माणूस परत आला नव्हता. ते सांभाळत पुढचे सारे आयुष्य त्यांना काढायचे होते.

परक्याच्या चाकरीतील मरणाला मोठे का म्हणावे, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात. प्रश्न रास्त आहे. परंतु समोरची सत्ता हिटलरची होती, आणि ती जिंकली तर काय होईल हे बाबासाहेबांनी नीट ओळखले होते. १९४१ मध्ये ते व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर होते. शिवाय फौजेची दारे बंद होणे म्हणजे काय, हे सुभेदार रामजींच्या सातारला कोणी सांगायला नको. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची भरती थांबविली गेली. महार रेजिमेंट उभी राहिली ती १९४१ मध्ये, बेळगावला. शिपाईगिरी ही ज्यांना झगडून मिळवावी लागली, त्यांनी घाडग्यांना भाडोत्री म्हणू नये असे आमचे मत आहे.

इटलीच्या मोहिमेत सुमारे पन्नास हजार भारतीय सैनिक लढले, ५,७८२ कामी आले. तेथे दिल्या गेलेल्या वीस व्हिक्टोरिया क्रॉसपैकी सहा भारतीयांचे. यशवंतरावांची कबर नाही; त्यांचे नाव कसिनो येथील स्मारकावर कोरलेले आहे. माणगावला तहसील कचेरीसमोर त्यांचा पुतळा आहे. जुलै २०२३ मध्ये इटलीतील मोंतोने या गावाने त्यांच्या नावाने सावलीचे घड्याळ उभारले.