शूप यांचा धातूचा फवारा

धातूच्या फवाऱ्याचे जनक मॅक्स उलरिख शूप (१८७०-१९५६) हे स्वित्झर्लंडचे. त्यांची मुले खेळण्यातल्या बंदुकीने भिंतीवर शिशाच्या गोळ्या झाडत होती. त्या चपट्या होऊन चिकटून बसलेल्या पाहून त्यांना कल्पना सुचली, असे सांगतात. गोष्ट थोडी रंगवलेली असावी असे आम्हाला वाटते, पण त्यातले विज्ञान पक्के आहे.

१९१२च्या सुमारास त्यांचे पिस्तूल तयार झाले. ज्योतीत धातूची तार वितळायची आणि दाबाखालची हवा तिचे बारीक थेंब उडवायची. गंजू नये म्हणून अख्खा पूल वितळलेल्या जस्तात कसा बुडवणार? आता पिस्तूलच पुलापाशी नेता येऊ लागले.

भट्टीतल्या पोलादावर ॲल्युमिनियम फवारले, की उष्णतेने त्यावर ऑक्साइडची दाट साय धरते आणि ऑक्सिजनला आतली वाट बंद होते. जेट इंजिनाच्या पात्यांवर निकेल, क्रोमियम व ॲल्युमिनियमचा थर फवारतात, त्याचेही मर्म हेच. साय तडकली तर थरातले ॲल्युमिनियम ती पुन्हा धरते. ते संपत आले, की मूळ धातूच धोक्यात येतो. म्हणून पाती उतरवून थर नव्याने द्यावा लागतो.

आपल्या घरच्या पंख्याच्या कपॅसिटरमध्ये फितीच्या गुंडाळीच्या दोन्ही टोकांना जस्तासारख्या धातूचा असाच फवारा मारलेला असतो. त्या कामाला कारखान्यांत आजही शूपिंग म्हणतात.