रमाबाई आंबेडकर : वणंद ते राजगृह

विष्णुपुरी परिसरातीलच काय, मराठवाड्यातील कोणत्याही गावातल्या वाचकाला रमाई हे नाव नवे नाही. वस्त्यांना, वसतिगृहांना, महिला मंडळांना हे नाव दिलेले आढळते. राज्य शासनाच्या घरकुल योजनेलाही तेच नाव आहे. ७ फेब्रुवारीला जयंती साजरी होते, गाणी गायली जातात, भाषणे होतात. या भाषणांत ‘त्यागमूर्ती’ हे विशेषण इतक्या वेळा येते की त्यामागची हाडामांसाची बाई नजरेआड होते. प्रस्तुत पाठात आपण रमाबाईंकडे पोटासाठी गाव सोडून शहरात आलेल्या घरातील एक कष्टकरी स्त्री म्हणून पाहणार आहोत. महापुरुषाची पत्नी ही त्यांची ओळख आपल्याला सोडायची नाही. परंतु त्या ओळखीच्या आधी त्यांचे म्हणून एक आयुष्य होते, आणि त्या ओळखीच्या आतही ते चालूच होते.

रमाबाईंचा जन्म १८९८ साली रत्नागिरी जिल्ह्यातील दापोलीजवळच्या वणंद या गावी झाला. वडील भिकू धोत्रे, ज्यांना वलंगकर असेही म्हणत, हमाली करीत. दाभोळ बंदरातील मासळीच्या टोपल्या डोक्यावरून बाजारात पोहोचवणे हे त्यांचे काम. आई रुक्मिणी. महारवाड्यातील घर, थोडी मिळकत आणि वाहिलेल्या टोपल्यांच्या हिशेबाने येणारी मजुरी, एवढ्यावर कुटुंब चालत असे. आई आधी गेली, त्यानंतर काही काळाने वडीलही गेले. मागे राहिलेल्या लहान भावंडांना गावात कोणाचा आधार उरला नाही. मुंबईत राहणाऱ्या नातेवाइकांनी रमा आणि तिच्या धाकट्या भावंडांना भायखळ्याला नेले.

कोकणातून मुंबईला जाणे ही त्या काळी काही विशेष घटना नव्हती. गिरण्या, गोदी, रेल्वे आणि लष्कर यांनी कोकणातील गावेच्या गावे ओढून घेतली होती. घरटी एखादा तरी माणूस मुंबईला असे आणि शिमग्या-गणपतीला परत येई. रमाच्या बाबतीत फरक एवढाच की तिला परत येण्यासारखे घर उरले नव्हते. स्थलांतरितांच्या इतिहासात कमावत्या पुरुषांची चर्चा पुष्कळ होते. त्यांच्यामागून आलेल्या, किंवा पोरक्या म्हणून आणल्या गेलेल्या मुलींची नोंद क्वचितच सापडते. रमाचीही ती सापडली नसती, जर सुभेदार रामजी सकपाळ आपल्या धाकट्या मुलासाठी वधू शोधत त्या वस्तीत आले नसते.

विवाह भायखळ्याच्या बाजारात झाला. दिवसाचा व्यवहार संपून विक्रेते निघून गेल्यावर रात्री ती उघडी शेड मोकळी होई. तिच्या एका बाजूला वऱ्हाडी आणि दुसऱ्या बाजूला वधूकडची मंडळी बसली. माल मांडायचे दगडी ओटे हीच बैठक, आणि पायाखालून गटाराचे पाणी वाहत होते, असे वर्णन चरित्रकारांनी केले आहे. पहाटे कोळणी येण्याच्या आत सर्वांना जागा मोकळी करून द्यावी लागली. वधू जेमतेम आठ-नऊ वर्षांची आणि वर शाळकरी वयाचा होता. आज आपल्याला यातील बालविवाह खटकतो आणि तो खटकायलाच हवा. त्याचबरोबर हेही ध्यानात घेतले पाहिजे की मंडपाचे भाडे न परवडणाऱ्या माणसांनी शहराच्या वेळापत्रकातील एक रिकामी रात्र आपल्यासाठी वापरून घेतली होती.

सासरचे घर परळला होते. आधी डबक चाळ आणि १९१२च्या सुमारास बी. आय. टी. चाळ. ही चाळ मुंबई शहर सुधार विश्वस्त मंडळाने बांधलेली. प्लेगच्या साथीनंतर, म्हणजे रमाबाईंच्या जन्मवर्षीच, हे मंडळ स्थापन झाले होते आणि कामगारांसाठी स्वस्त खोल्या बांधणे हा त्याच्या कामाचा एक भाग होता. चाळीतल्या दोन खोल्या आंबेडकर कुटुंबाकडे होत्या. पुढली बावीस वर्षे रमाबाईंचा संसार तेथेच झाला. त्या दोन खोल्यांत सासरची माणसे, दीर-जावा, मुले, पुतण्या मुकुंद आणि दिवसेंदिवस वाढत जाणारी पुस्तके अशी सगळी गर्दी होती.

डिसेंबर १९१२ मध्ये यशवंतचा जन्म झाला. फेब्रुवारी १९१३ मध्ये सुभेदार रामजी वारले आणि त्याच वर्षी बडोदे संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर भीमराव न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथील त्यांच्या अभ्यासाची हकिकत आपण अन्यत्र वाचलेली आहे, म्हणून येथे तिची पुनरुक्ती करीत नाही. आपल्याला पाहायचे आहे ते परळमध्ये काय चालले होते हे. घरातला कमावता वडीलधारा पुरुष गेला होता. ज्याच्यावर आशा तो समुद्रापार होता. पंधरा वर्षांची रमाबाई तान्ह्या मुलासह घर चालवण्याच्या कामात उभी होती. शिष्यवृत्तीतून वाचवून जे येई ते अपुरे पडे.

१९१८ साली डॉ. आंबेडकर सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले. महिना ४५० रुपये पगार ही चाळीच्या दृष्टीने मोठीच रक्कम. पण लंडनचा अर्धवट राहिलेला अभ्यास पुरा करायचा होता. ठरावीक पैसे घरखर्चाला देऊन उरलेले बाजूला टाकले जात. म्हणजे पगार वाढला तरी चुलीपाशी फारसा बदल झाला नाही. या बचतीचे श्रेय सामान्यतः बाबासाहेबांच्या निग्रहाला दिले जाते आणि ते योग्यच आहे. तथापि तो निग्रह रोज डाळ-तांदळाच्या मापात उतरवण्याचे काम रमाबाईंच्या हातून होत होते, हे त्या श्रेयात कोठे मांडलेले दिसत नाही.

१९२० मध्ये ते लंडनला गेले आणि १९२३ मध्ये परतले. या तीन वर्षांतील एक पत्र उपलब्ध आहे. नोव्हेंबर १९२१ मध्ये लंडनहून लिहिलेल्या या पत्रात मुलगा गंगाधर आजारी असल्याचे कळून वाईट वाटल्याचे ते लिहितात. स्वतःचीही तेथे ओढाताण होत असल्याचे सांगतात. जवळचे पैसे संपले तर दागिने मोडून खावे, परत आल्यावर ते करून देईन, असे कळवतात, आणि रमाबाईंच्या व मुलांच्या अभ्यासाची चौकशी करतात. पत्र छोटे आहे, पण त्यातून दोन्ही टोकांची परिस्थिती एकदम दिसते. एका बाजूला अर्धपोटी राहून ग्रंथालयात बसणारा विद्यार्थी, आणि दुसऱ्या बाजूला आजारी मुलाला सांभाळत अक्षरे गिरवणारी त्याची पत्नी. दूरशिक्षणातून, घरकाम आणि नोकरी सांभाळून अभ्यास करणाऱ्या आपल्यापैकी अनेकींना या दुसऱ्या टोकाचे चित्र वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

रमाबाईंनी या काळात शेण गोळा करून आणले आणि गोवऱ्या थापल्या, ही गोष्ट गाण्यांतून सर्वश्रुत आहे. एखाद्याला वाटेल की ती लोकभक्तीने रचलेली कथा असावी. तसे नाही. ‘बहिष्कृत भारत’ पत्राला आर्थिक साहाय्य मिळत नाही याविषयी १९२८ साली लिहिताना स्वतः बाबासाहेबांनी तिची नोंद केली आहे. आपण परदेशी असताना पत्नीने रात्रंदिवस प्रपंचाचा भार सोसला, आणि परत आल्यावरही विपन्नावस्थेत तिला शेणाचे भारे डोक्यावरून वाहावे लागले, अशा आशयाचे ते लिहितात. अशा स्त्रीला दिवसातला अर्धा तासही आपण देऊ शकत नाही, याची खंतही व्यक्त करतात. सार्वजनिक पत्राच्या अग्रलेखात पत्नीच्या श्रमाचा असा उल्लेख करणारे संपादक त्या काळात किती होते, याचा विचार वाचकाने करावा.

बापाने मासळीच्या टोपल्या वाहिल्या आणि लेकीने शेणाच्या. दोन्हींमध्ये एका पिढीचे अंतर आहे. मधल्या काळात गाव बदलले होते, नवरा बॅरिस्टर झाला होता, परंतु डोक्यावरचे ओझे उतरले नव्हते.

मुलांची दुःखे याहून मोठी. रमाबाईंना पाच अपत्ये झाली. त्यांपैकी गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न ही चार बालपणीच गेली. एकटा यशवंत वाचला. सर्वांत धाकटा राजरत्न जुलै १९२६ मध्ये गेला, तेव्हा बाबासाहेब पार खचून गेले होते. रमाबाईंची प्रकृती त्यानंतर कधीच पूर्ववत झाली नाही. दाट वस्ती, अपुरे अन्न आणि औषधपाण्याला नसलेला पैसा यांमुळे परळ-लालबागच्या चाळींत बालमृत्यू ही नित्याची गोष्ट होती. म्हणून या मृत्यूंना केवळ दैवाचा घाला म्हणणे अपुरे ठरते.

पुढे घराला चळवळीचे स्वरूप आले. १९२७ साली महाडचा सत्याग्रह झाला, ‘बहिष्कृत भारत’ सुरू झाले, आणि चाळीतील खोल्यांत कार्यकर्त्यांची ये-जा वाढली. जानेवारी १९२८ मध्ये मुंबईत अस्पृश्य स्त्रियांचे मंडळ स्थापन झाले, त्याचे अध्यक्षपद रमाबाईंकडे आले. त्यांच्या सार्वजनिक कार्याविषयी याहून अधिक तपशील चरित्रकार देत नाहीत, आणि हे अध्यक्षपद बहुतेक ठिकाणी एका ओळीत उरकले जाते. धारवाडची आठवण मात्र आवर्जून सांगितली जाते. बळवंतराव वराळे तेथे दलित मुलांचे वसतिगृह चालवीत. हवापालटासाठी रमाबाई तेथे गेल्या असता अनुदान न आल्याने मुलांच्या जेवणाची पंचाईत झाली, तेव्हा त्यांनी आपल्या हातातील सोन्याच्या बांगड्या काढून दिल्या. चार लेकरे गमावलेल्या बाईला उपाशी मुलांकडे पाहताना काय वाटले असेल, ते येथे शब्दांत मांडण्याचा प्रयत्न करीत नाही. एवढे खरे की अडचणीत दागिने मोडण्याचा सराव त्यांना लंडनच्या पत्रापासून होता.

रमाबाई श्रद्धाळू होत्या, उपवास करीत. पंढरपूरला जाऊन विठ्ठलाचे दर्शन घ्यावे अशी त्यांची फार इच्छा होती. ही इच्छा समजून घेताना संत चोखामेळ्यांचे स्मरण ठेवावे. पूर्वास्पृश्य वारकऱ्याला महाद्वारापाशी, चोखोबांच्या समाधीजवळच थांबावे लागे. त्यापुढे पाऊल टाकण्यास मनाई होती. ज्या देवळात भक्ताला दाराबाहेर उभे करतात तेथे जाण्यात अर्थ नाही, आपण आपल्या सेवेने दुसरी पंढरी उभी करू, असे समजावून बाबासाहेबांनी त्यांना थांबवले. विचार म्हणून त्यांची भूमिका अचूक होती. तरीही रमाबाईंची इच्छा अपुरी राहिली, हेही तितकेच खरे. एकीकडे मानवी प्रतिष्ठा आणि दुसरीकडे एका थकलेल्या स्त्रीचे साधे मागणे, अशी ही कोंडी होती. तिच्यात दोघांपैकी कोणालाही दोष देता येत नाही. दोष देवळाच्या दाराचा होता.

दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ उभे राहिले आणि १९३४च्या सुमारास कुटुंब तेथे राहावयास गेले. ग्रंथालयासाठी म्हणून मुद्दाम बांधलेली ती प्रशस्त वास्तू. आयुष्यात प्रथमच रमाबाईंना स्वतःचे म्हणता येईल असे घर मिळाले. वणंदचे घर बालपणी सुटले, भायखळ्याचे नातेवाइकांचे, परळचे भाड्याचे. राजगृहात त्या सुमारे वर्षभर राहिल्या, आणि त्यातला बराचसा काळ आजारपणात गेला. २७ मे १९३५ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. वय ३७ वर्षे. वरळीच्या स्मशानात त्यांना अखेरचा निरोप देण्यात आला. बाबासाहेबांनी मुंडन केले, भगवी वस्त्रे धारण केली, आणि काही दिवस ते कोणाशी फारसे बोलले नाहीत.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये येवल्याला त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. काही वर्षांनी पाकिस्तानच्या प्रश्नावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ निघाला. तो त्यांनी रमूच्या स्मृतीस अर्पण केला आणि अर्पणपत्रिकेत तिच्या अंतःकरणाच्या चांगुलपणाबरोबरच मित्रहीन, टंचाईच्या दिवसांत आपल्यासोबत सोसण्याच्या तिच्या तयारीचा उल्लेख केला. साने गुरुजींच्या उपोषणानंतर पंढरपूरच्या मंदिराचे दार अस्पृश्यांना उघडले ते १९४७ साली. रमाबाईंना जाऊन तेव्हा बारा वर्षे झाली होती.